सोळाव्या पायरीवरचा हात

आक्काताईंच्या घराला तेवीस पायऱ्या होत्या. खाली हळदीचं गोदाम, वर बिऱ्हाड. सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या या घरात एकतीस वर्षं काढल्यावर जिन्यात कोण आहे आणि कशाला आलंय, हे त्यांना स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता कळायचं. लग्नाचं आवतण घेऊन येणारा एकेक पायरी गाळत चढतो. वाईट निरोप आणणारा मध्येच थांबून घसा साफ करतो. आणि बाराव्या पायरीला धाप लागली, की तो धाकटा भाऊ भरतेश.

त्या शुक्रवारी धाप दहाव्यालाच लागली.

"आली काय गं ती?" त्यानं दारातूनच विचारलं.

"आली. आंघोळीला गेलीय. हळू बोल."

"कशी हाय?"

"मोठी हाय," आक्काताई म्हणाल्या. खोटं नव्हतं. न्हाणीघराच्या दारातून ती पोरगी जरा तिरकी होऊनच आत गेली होती.

भरतेशची मुलगी प्रियदर्शनी बॉक्सिंग खेळायची. पाणी गाळून पिणाऱ्या, मुंगी दिसली की पाय उचलून टाकणाऱ्या जैनाच्या घरात ही पोरगी तेराव्या वर्षापासून माणसांच्या तोंडावर ठोसे मारत होती. कुणी टोकलं तर म्हणायची, "मुंगीला मारते काय? सांगून सवरून मारते, पंचासमोर." आता एकोणिसाची होती. पुढच्या आठवड्यात शनिवार-रविवारी सांगलीत कृष्णाकाठ चषकाच्या लढती होत्या. एक्याऐंशी किलोच्या वरच्या मुलींच्या गटात उभ्या चारच जणी. त्यातल्या दोघी नावाला. म्हणजे शेवटची लढत प्रियाची आणि साताऱ्याच्या शिवांजलीची, हे शेंबडं पोरही सांगत होतं. जिंकेल ती राज्याच्या शिबिराला.

आणि शिवांजली उतरली होती आक्काताईंच्याच घरी.

त्याला इलाज नव्हता. शिवांजलीचे वडील सयाजीराव, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची हळद वीस वर्षं आक्काताईंच्या नवऱ्याच्या, धन्यकुमारांच्या अडतीला यायची. साताऱ्याकडं गेलं की धन्यकुमारांचा मुक्काम सयाजीरावांकडं. ते आले की मुक्काम इथं. पोरीला दहा दिवस आधी सरावाला यायचंय म्हटल्यावर धन्यकुमार बोलून गेले, "घर असताना लॉजवर कशाला?" समोर कोण उभी राहणार, हे नंतर कळलं. दिलेला शब्द परत घ्यायची त्या घराला सवय नव्हती.

"आक्का, तू नुसतं बघ," भरतेश म्हणाला.

"काय बघू? तुमचा कोच बघंल की."

"कोचला ती रिंगणात दिसणार. तिथं सगळीच छाती काढून उभी ऱ्हातात. तुला ती घरात दिसणार. कशी उठती, कुठला खांदा धरती, कवा दमती. तुझ्याइतकी नजर या यार्डात कुणाची न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. यार्डात नजर होती ती धन्यकुमारांची. हळकुंड मोडायचं, कट्‌कन आलेला आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि भाव सांगायचा. माणसं लांबून यायची त्यांचं मत घ्यायला. आक्काताईंचं मत एकतीस वर्षांत विचारलं गेलं होतं ते दोडक्याबद्दल आणि सुनेच्या बाळाला दात कधी येतील याबद्दल. त्यांनी भावाला चहा दिला आणि म्हणाल्या, "बघते."

बघायला फार लागलंच नाही. पोरगी दिसण्यासारखीच होती. चोवीस वर्षांची, रुंद चेहऱ्याची, केस बारीक कापलेले, आवाज मात्र लहान मुलीसारखा. दोन्ही खांद्यांना दोन बॅगा अडकवून ती तेवीस पायऱ्या चढून आली आणि वर येऊन बोलायला लागली तेव्हा श्वास जागच्या जागी होता. शनिवारी दोघींनी मिळून चादर पिळली. तिनं एकच पीळ दिला आणि आक्काताईंच्या हातातलं टोक निसटून गोल फिरलं.

"आवं काकी, लागलं काय?"

"न्हाई गं. हात आहेत का काय आहे?"

"आमच्याकडं सगळी म्हणत्यात, ही म्हशीला बी पिळंल."

आक्काताई पोटभर हसल्या. आणि हसता हसता बघूनही घेतलं: पीळ देताना डावा हात आधी जातो. भरतेशला त्यांनी फोनवर सांगितलं, "डावा सांभाळा. बाकी पहाड हाय पहाड. प्रियाला झोपवंल ही."

आता जेवणाचं. चातुर्मास चालू होता. एरवीसुद्धा या घरात दिवस मावळायच्या आत जेवण. चातुर्मासात तर कांदा, लसूण, बटाटा हद्दपार, आणि सूर्य बुडाला की पाणीही नाही. शिवांजलीचा सराव संध्याकाळी पाच ते सात. साडेचारला आक्काताई ताट वाढायच्या, तर ती अर्धी भाकरी खायची. भरल्या पोटी उड्या कशा मारणार? परत यायची तेव्हा शेगडी पुसून झालेली, भांडी पालथी. मग सकाळी सरावाहून येईपर्यंत काही नाही. घरी दिवसाला दहा अंडी आणि रविवारी मटण खाणारी पोरगी.

तोंडानं मात्र चकार शब्द नाही. निघताना आईनं बजावून पाठवलं होतं, "त्यांच्या घरात कांदा सुदीक न्हाई. पुढं येईल ते गोड म्हणून खायचं. आणि त्या घरचं पाणी पितीयास तवर बाहीर बी काय खायचं न्हाई, अंडी-मटण असलं वशाट तर न्हाईच." हे तिनंच कौतुकानं सांगितलं होतं, आई किती कडक आहे म्हणून.

रविवारी संध्याकाळी ती सरावाहून आली, आक्काताईंना बघून हसली आणि न्हाणीघरात गेली. नळाचं पाणी ओंजळीनं प्यायल्याचा आवाज आक्काताईंनी ऐकला. धन्यकुमारांनीही ऐकला.

"पोरीला दूध ठेवत जा की गं," ते म्हणाले. "चार केळी ठेव. नियम आपला हाय, पाहुण्याचा न्हाई."

धन्यकुमार हे बोलले. रोज सामायिक, म्हणजे जप-ध्यान, केल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारे धन्यकुमार. आणि आक्काताई काय म्हणाल्या?

"चातुर्मासात नको. एकदा मोडलं की मोडतंच."

त्यांच्याकडं बघत नवऱ्यानं चष्मा पुसला.

मंगळवारी संध्याकाळी शिवांजली जिना चढत होती. आक्काताई वरच्या दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. चौदा, पंधरा, सोळा. सोळाव्या पायरीवर पोरीनं कठड्यावर हात ठेवला. टेकला नाही, नुसता ठेवला, सहज ठेवल्यासारखा. मग पुढच्या सात पायऱ्या पहिल्यासारख्याच चढून आली. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. आक्काताईंना दिसला, आणि त्याचं कारण शोधायला कुठं जावं लागलं नाही. कारण त्यांच्या पाठीमागं, पुसून लख्ख केलेल्या शेगडीवर होतं.

तरी त्यांनी भरतेशला फोन लावला.

"दोन फेऱ्या कड काढायला सांग प्रियाला. अंगावर घेऊ नको म्हणावं, नुसतं पळत ऱ्हायचं. तिसऱ्यात ती दमंल."

"खात्रीनं सांगतीस?"

"खात्रीनं."

"आक्का, तू कोच व्हायला पायजे होतीस गं!"

त्या रात्री आक्काताईंना झोप चांगली लागली. हे पुढं त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

गुरुवारी दुपारी गोदामाचा राखणदार दादासो वर आला. एकेक पायरी, चपला हातात. त्यानं स्टीलचा डबा पुढं केला. घासून पुसून चकचकीत.

"वैनी, ह्यो पैलवान ताईंचा डबा. द्यायचा ऱ्हायलाच बघा."

"तुझ्याकडं कसा?"

"आल्या त्याच दिवशी दिल्ता मला. उकडलेली अंडी व्हती बारा, आन् सुकं मटण. आईनं वाटंत खायला दिल्तं म्हणं. पर गाडी लवकर पोचली. तर म्हनल्या, ह्या घरात न्हेणं बरं न्हवं, मामा तुमी खावा. मी म्हनलं, ताई, तुमीच हितं बसून खावा की पायरीवर. तर म्हनल्या, घरात पाय ठेवायच्या टायमाला तोंडाला वास नगं." दादासो घोटाळला. "अंडी लय झ्याक व्हती. गावरान."

आक्काताईंनी डबा घेतला. दादासो गेला तरी त्या तो धरून उभ्याच होत्या. झाकणात तोंड दिसत होतं, पसरट आणि वाकडं. नियम मोडायचा नाही म्हणून त्या घट्ट राहिल्या होत्या, असं त्या चार दिवस स्वतःला सांगत होत्या. आता सांगता येईना. पोरीनं त्यांचा नियम पाळला होता दुसऱ्याचा मान म्हणून. त्यांनी तोच नियम वापरला होता, मागच्या दारानं. आणि वर नजरेची फुशारकी! हळकुंड मोडून बघणारा निदान कबूल तरी करतो की मोडलं ते मीच.

साडेचारला त्यांनी ताट वाढलं नाही. पदर खोचला आणि शिवांजलीला म्हणाल्या, "चल."

क्रीडासंकुलाच्या रस्त्याला अंडा-भुर्जीची गाडी होती. आयुष्यात पहिल्यांदा आक्काताई तिथल्या बाकड्यावर बसल्या. पदर नाकाला लावायचा नाही असं ठरवून बसल्या, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

"हिला सहा अंडी द्या," त्या गाडीवाल्याला म्हणाल्या.

"काकी!" शिवांजली उठूनच उभी राहिली. "आवं, कुणी बघंल! उठा हितनं."

"बघू देत. खा तू."

"न्हाई खाणार. तुमच्या घरचं पाणी पितीय मी. आईला शब्द दिलाय."

"तुझ्या आईला मी सांगते. खाली बस. मला बोलायचंय."

आणि मग आक्काताईंनी सांगितलं. सगळं एकदम आलं नाही. आधी चादरीचं सांगितलं, मग डाव्या हाताचं, मग जिन्याचं. दुधाचं सांगताना थांबल्या. धन्यकुमार काय म्हणाले ते सांगितलं, आपण काय म्हणालो ते सांगितलं. "तुला भूक लागलीय हे मला कळत होतं. कळत होतं आणि मी वाढलं न्हाई. आणि वर त्यांना सांगितलं, तिसऱ्यात दमंल. तोवर पळत ऱ्हावा म्हणून."

गाडीवाल्याचा कालथा तव्यावर वाजत होता. शिवांजली टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडं बघत होती.

"बरोबरच सांगितलंत की," शेवटी ती म्हणाली. "परवा दुसऱ्याच फेरीत माझ्या डोळ्यापुढं काजवं आलं. मला वाटलं, मीच कमी पडाय लागली. रात्री पडल्या पडल्या लय विचार केला. म्हटलं, वय झालं काय आता." तिनं नाक ओढलं. "मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय, काकी."

आक्काताईंना हे सोसेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझं घर सोड," त्या म्हणाल्या. "आजच. कोचकडं ऱ्हा, लॉजवर ऱ्हा, पाहिजे ते खा."

"आणि तुमाला लोक काय म्हणतील? पावणी मधनंच उठून गेली म्हणून?"

"म्हणू देत."

"माझे वडील काय म्हणतील?" समोर आलेल्या अंड्यांना हात न लावता ती उठली. "न्हाई. ऱ्हाते तिथंच. या खेपेला न्हाई झालं तर बॅग खुंटीलाच लावायचीय, वडलांनी तसं सांगितलंय. लग्नाचं बघाय लागलेत. तवा भांडत बसाय मला येळ न्हाई. दूध किती मिळंल तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी साडेसातला आक्काताईंच्या घरात शेगडी पेटली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तुपातला शिरा, मुगाचं धिरडं, पेलाभर सायीचं दूध. धन्यकुमार बाहेरच्या खोलीत जपाची माळ घेऊन बसले होते. ते उठून आले, शेगडीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "तूप घाल अजून," म्हणाले आणि परत जाऊन बसले. शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. नावाला उतरलेल्या त्या दोघी शनिवारीच बाद झाल्या.

रविवारी सकाळी वजन झालं. सयाजीराव पहाटेच साताऱ्याहून आले होते, फौजी टोपी घालून. आक्काताई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

"ब्याऐंशी चारशे," काट्यावरचा माणूस ओरडला.

"काटा चुकलाय जणू," सयाजीराव म्हणाले. "घरनं निघाली तवा शहाऐंशी व्हती."

आक्काताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रियाचं नाव पुकारलं. एक्याण्णव.

लढतीला मांडव गच्च भरला होता. आक्काताई भरतेशच्या शेजारी बसल्या, कारण दुसरीकडं कुठं बसणार? तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. घंटा वाजली आणि पुढच्याच क्षणी आक्काताईंना आपण काय करून बसलोय ते दिसलं.

शिवांजली सुटली. अशी सुटली की जणू तिला दुसरी फेरी नाहीच. डावा, डावा, उजवा. तिला माहीत होतं ना, समोरची पळणार आहे आणि तिसऱ्या फेरीची वाट बघणार आहे. मग जे काय आहे ते आत्ताच. आणि प्रिया बिचारी आत्याचा निरोप जिवापाड पाळत होती. मागं मागं सरत होती, हात वर धरून मार खात होती. तिचा ओठ फुटला. तिच्या कोपऱ्यातून कोच ओरडत होता, "थांब! अजून थांब!" साताऱ्याच्या कोपऱ्यातून ओरडत होते, "आत्ताच! आत्ताच!" दोन्ही कोपऱ्यांत आक्काताईंचाच सल्ला लढत होता, आणि मार दोन्ही पोरींना बसत होता.

दुसऱ्या फेरीलाही तसंच. प्रियाच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं. भरतेशनं आक्काताईंचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तिसऱ्या फेरीची घंटा झाली. शिवांजली पुढं आली, एक ठोसा बसला, दुसरा हवेत गेला. मग ती दोरीपाशी सरकली आणि तिनं दोरीवर हात ठेवला. टेकला नाही, नुसता ठेवला. सहज ठेवल्यासारखा.

मांडवात तो हात एकट्या आक्काताईंना दिसला. आणि कोचला, कारण तिसऱ्यात ती दमेल हे त्यांनीच भरतेशकरवी त्याला सांगून ठेवलं होतं.

"आता!" कोच ओरडला.

उरलेली दोन मिनिटं आक्काताईंनी आपल्या पायांकडं बघत काढली. पाच पंचांपैकी तिघांनी कौल प्रियाला दिला.

"आक्का!" भरतेश नाचायचाच राहिला होता. "अगदी तू म्हणालीस तसंच! शब्दाला शब्द! काय नजर हाय गं तुझी!" तो भेटेल त्याला सांगत सुटला, माझी बहीण, माझी बहीण. आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट बघितली ते कौतुक मांडवभर होत होतं, आणि आक्काताईंना कुठं लपावं कळेना.

प्रिया कापडात बर्फ धरून बसली होती. आक्काताई तिच्यापाशी टेकल्या.

"आत्या, जिंकले ना मी?" फुटक्या ओठानं ती हसली. "पण पहिल्याच फेरीत कशी गं सुटली ती! जणू तिला कुणी सांगितलं होतं."

"जिंकलीस," आक्काताई म्हणाल्या. "बर्फ धर नीट." एवढंच म्हणता आलं. हिला खरं सांगावं तर हिचं जिंकणं जातं. न सांगावं तर ते आपल्याच पदरात गाठ मारून ठेवावं लागतं. त्यांनी गाठ मारली.

दुपारी सयाजीराव पोरीला न्यायला घरी आले. गाडी खाली उभी. जिन्याच्या पायथ्याशी सगळे निरोप द्यायला उतरले. सयाजीरावांनी हात जोडले.

"वैनी, पोरीला धा दिवस घरच्यागत सांभाळलंत. लय उपकार झाले."

"सयाजीराव," आक्काताई म्हणाल्या, "मी तुमच्या पोरीला उपाशी ठेवलं."

सयाजीराव मोठ्यांदा हसले. "घ्या! आमची मंडळी बी असंच म्हणती पाव्हण्यास्नी. पंचपक्वान्न वाढती आन् म्हणती, कायच झालं न्हाई, उपाशीच धाडलं."

"तसं न्हाई. खरंच ठेवलं. वजन बघितलंत न्हवं तुम्ही?"

"आवं, वजनाचं काय! ताण असतोय लढतीचा. तुमी मनाला लावून घेऊ नगा." आणि ते धन्यकुमारांकडं वळले. "मालक, ह्या साली हळदीला पाणी बरं हाय बघा." धन्यकुमारांनी मान हलवली, पण हळदीकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते बायकोकडं बघत होते.

सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, स्पष्ट मराठीत. पण यजमानिणीनं निरोपाच्या वेळी उपाशी ठेवलं म्हणणं ही या मुलखातली रीतच. ते खरं असेल असं कुणाच्या मनात येणार? तिसऱ्यांदा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर सयाजीरावांच्या मागून शिवांजलीनं मान हलवली. नको.

मग आक्काताईंनी पदराआडून स्टीलचा डबा काढला. लढतीहून आल्या आल्या दादासोला भुर्जीच्या गाडीवर पाठवून भरून आणला होता. अजून कोमट होता.

"बारा हायेत," त्या म्हणाल्या. "गावरान मिळाली न्हाईत."

शिवांजलीनं झाकण उघडलं. आत बघितलं, मग वर जिन्याकडं बघितलं. "काकी, आता तुमच्या घरचं पाणी सुटलं न्हवं?"

"सुटलं."

ती खालच्या पायरीवर बसली आणि एक अंडं सोलायला लागली. तिचे वडील आणि धन्यकुमार गाडीपाशी गेले. आक्काताई जरा घुटमळल्या, मग तिच्याशेजारी टेकल्या. टरफलं ठेवायला त्यांनी डब्याचं झाकण पुढं धरलं. दोन अंडी झाली.

"शिवांजली," आक्काताईंनी सुरुवात केली.

"काकी, मी माफ केलं असं म्हणत न्हाई हां," तोंडात घास असतानाच ती म्हणाली, आणि तिसरं उचललं. "भूक लागलीय."

आक्काताईंनी झाकण तसंच धरून ठेवलं.